दोन मिनिटांचं पाणी

मराठीत 'बंब' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. आमच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात पोटात विस्तव असायचा आणि भोवती पाणी. रस्त्यावरून घंटा वाजवत जाणाऱ्या बंबात पोटात पाणी असतं आणि भोवती विस्तव. पहिल्याची मोठी कौतुकाची गोष्ट ही, की चार माणसांच्या अंघोळी होऊनही त्यात पाणी उरायचं. दुसऱ्याचं तसं नाही.

आपल्याकडच्या शहरी बंबाच्या टाकीत साधारण 4,500 लिटर पाणी मावतं. त्याच गाडीवरचा पंप मिनिटाला 2,250 लिटर पाणी फेकू शकतो. भागाकार तोंडी होतो. पंप पूर्ण ताकदीने सोडला तर बंब दोन मिनिटांत रिकामा होतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याची काहीतरी गफलत झाली असणार असं वाटलं होतं. लहानपणापासून आपण बंबाला आगीवरचं उत्तर समजत आलो. प्रत्यक्षात ती दोन मिनिटांची उसनवारी असते. त्या अवधीत पाण्याची पुढची सोय झाली पाहिजे.

म्हणून बंबामागे जंबो टँकर निघतो. त्यात 18 हजार लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे त्याच पंपाला आठ मिनिटं. मग दुसरा टँकर, तिसरा टँकर, आणि रिकामे झालेले भरून परत आणण्याची फेरी. विरोधाभास असा, की हे सगळं चालतं ते पाण्याने भरलेल्या शहरात. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळतं. सेकंदाचा हिशेब केला तर हे पाणी दर सेकंदाला दहा बंब काठोकाठ भरू शकेल. रस्त्याकडेला हायड्रंटही दहा हजारांहून अधिक बसवलेले होते. आज त्यांतले बहुतांश निकामी आहेत. कारण साधं आहे. घरोघरी पाणी ठरावीक तासच येतं, त्यामुळे नळाला बांधलेला हायड्रंटही ठरावीक तासच शहाणा असतो. आग वेळापत्रक पाहत नाही. भर त्यात रस्त्याची उंची दर डांबरीकरणागणिक वाढत गेली आणि कित्येक हायड्रंट शब्दशः जमिनीत गेले.

पण 4,500 लिटरला क्षुल्लक समजण्याचंही कारण नाही. पाण्याची खरी ताकद ते वाफ होताना दिसते. तीस अंशांचं एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे 2,550 किलोज्यूल उष्णता गिळतं. अख्ख्या टाकीचा हिशेब केला तर तो होतो जवळजवळ 3,200 युनिट विजेइतका. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घराची ही दहा महिन्यांहून जास्त वीज, आणि ती दोन मिनिटांत शोषून घ्यायची तयारी. शिवाय एका लिटरची वाफ सुमारे 1,700 लिटर जागा व्यापते. एका बंबाच्या पाण्याची वाफ दहा बाय दहाच्या पावणेतीनशे खोल्या भरेल. ती हवेला, म्हणजे प्राणवायूला, बाहेर ढकलते. हीच वाफ ब्रांच, म्हणजे होजचं नोझल लावलेलं टोक, धरणाऱ्या जवानाला भाजूनही काढते, म्हणून पाणी कुठे मारायचं याइतकंच कुठे मारायचं नाही हेही त्याला शिकावं लागतं.

हे झालं पाण्याचं. आता घड्याळ.

आगीच्या वाढीसाठी अभियंते एक सूत्र वापरतात. ते सांगतं, की आगीची ताकद वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गादी, सोफा असल्या सामानाची 'वेगवान' आग अडीच मिनिटांत एक मेगावॉटवर पोचते, म्हणजे दोन किलोवॉटचे पाचशे गिझर एकदम लावल्यासारखी. पाच मिनिटांनी ती दुप्पट होत नाही, चौपट होते. दहा मिनिटांनी सोळापट. खोलीत तेवढी हवाच नसते, म्हणून आग दारं-खिडक्या शोधू लागते आणि शेजाऱ्याकडे जाते.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवू. मिनिटाला 450 लिटरचं एक जेट, त्यातलं दोन तृतीयांश पाणी भिंतीवरून वाहून वाया गेलं असं धरलं, तरी साधारण सहा मेगावॉटची आग दाबू शकतं. आमची ती वेगवान आग सहा मेगावॉटवर पोचते सहाव्या मिनिटाला. म्हणजे सहा मिनिटांच्या आत पोचलात तर एक जेट पुरे. दहाव्या मिनिटाला पोचलात तर तीन जेट लागतील, तेही आग त्याच खोलीत थांबली असेल तर. उशिरा येणाऱ्या प्रत्येक मिनिटाची किंमत पाण्यात, माणसांत आणि गाड्यांत मोजली जाते. अग्निशमन केंद्रं नकाशावर कुठे टाकायची, हा प्रश्न मुळात एवढाच आहे.

आपल्या देशात त्यासाठी जुना ठोकताळा आहे: शहरात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र. म्हणजे केंद्राभोवती पावणेदोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. मुंबई महापालिकेचं क्षेत्र साधारण 458 चौरस किलोमीटर, आणि मोठी, पूर्ण क्षमतेची केंद्रं पस्तीसच्या घरात. एका केंद्राच्या वाट्याला 13 चौरस किलोमीटर येतात. क्षेत्र तीस टक्के जास्त, पण वर्गमुळाच्या कृपेने त्रिज्या वाढते ती फक्त पंधरा टक्के, सुमारे दोन किलोमीटर. इथवर गणित आपल्या बाजूने आहे.

तेच वर्गमूळ उलटं फिरलं की घाम फुटतो. पोचायचा वेळ निम्म्यावर आणायचा तर त्रिज्या निम्मी करायला हवी, आणि त्रिज्या निम्मी केली की क्षेत्र चतकोर होतं. पस्तीसच्या जागी एकशे चाळीस केंद्रं लागतील. मुंबईत एकशे पाच नवे भूखंड! कोणत्याही नगरसेवकाला हा आकडा सांगून पाहावा. त्यामुळे पालिकेने मधला मार्ग काढला: छोट्या जागेत एखादी गाडी आणि मोजकी माणसं ठेवणारी लघु अग्निशमन केंद्रं, आणि गल्लीत शिरू शकतील अशा लहान जलद प्रतिसाद गाड्या. त्या आग विझवतीलच असं नाही, पण घड्याळ थोडं मागे ओढतात. आणि दोन किलोमीटर हे पाखराच्या उड्डाणाचं अंतर आहे. रस्त्याने ते तीन होतं. ताशी तीस किलोमीटरने गेलं तर सहा मिनिटं, सकाळी दहा वाजता ताशी पंधराने गेलं तर बारा. वर लिहिलेलं वर्गाचं सूत्र इथे पुन्हा आठवावं.

अग्निशमन दलात फोनला फोन म्हणत नाहीत, 'वर्दी' म्हणतात. वर्दी आली, वर्दीवर निघालो, वर्दी खोटी निघाली. 101 वर आलेली वर्दी नियंत्रण कक्षातून केंद्राला जाते, घंटा होते आणि मिनिटभराच्या आत गाडी फाटकाबाहेर पडायला हवी. त्या एका मिनिटासाठी किती माणसं पोसावी लागतात? वर्षाचे तास 8,760. आठ तासांची पाळी आणि रजा, सुट्ट्या, प्रशिक्षण वजा जाता वर्षाला 270 दिवस धरले तर एक माणूस 2,160 तास हजर असतो. बंबातली एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला चार माणसं हवीत. सहा खुर्च्यांच्या एका बंबाला चोवीस. टोकियोचं अग्निशमन दल सुमारे 18 हजार माणसांचं आहे, आणि ज्या लोकसंख्येची ते राखण करतं ती मुंबईपेक्षा फार वेगळी नाही. मुंबईत त्याचा चौथा हिस्साही नाही. पुढची तुलना करण्यात अर्थ नाही, उगाच जीव खट्टू होतो.

कामाचं म्हणाल, तर 2008 ते 2018 या दहा वर्षांत मुंबईत सुमारे 48 हजार आगी लागल्याची आकडेवारी माहितीच्या अधिकारात बाहेर आली होती. रोजच्या तेरा. त्यांतल्या दोन तृतीयांश शॉर्ट सर्किटच्या. म्हणजे मुंबईला जाळणारा खलनायक बहुतेक वेळा भिंतीतली जुनी वायर आणि तिच्यावर लादलेला नवा एसी एवढाच असतो. या तेरांत पडलेली झाडं, कोसळलेली घरं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आणि संक्रांतीच्या मांजात गुंतलेल्या घारी धरलेल्या नाहीत.

मोठी आग असेल तर तिला स्तर दिला जातो, एकपासून चारपर्यंत, आणि त्याच्याही वर 'ब्रिगेड कॉल'. टीव्हीवर 'लेव्हल तीनची आग' ऐकताना वाटतं की हे भूकंपासारखं आगीचं माप आहे. खरं तर ते मदतीचं माप आहे. घटनास्थळावरचा अधिकारी स्तर वाढवतो तेव्हा तो आणखी किती बंब, टँकर, शिड्या आणि अधिकारी हवेत ते एका शब्दात सांगत असतो. आणि ज्या केंद्रांतून ते येतात तिथलं वर्तुळ तेवढा वेळ उघडं पडतं. मग शेजारच्या केंद्राने ते झाकायचं. भायखळ्याच्या मुख्यालयातल्या नियंत्रण कक्षाचं अर्धं लक्ष पेटलेल्या जागेवर असतं, तर अर्धं न पेटलेल्या शहरावर.

ब्रांचच्या टोकाशी उभ्या माणसाचे आकडे वेगळे. चौरस सेंटीमीटरला सात किलो दाबाने 16 मिलीमीटरच्या नोझलमधून सुटणारं पाणी ताशी 135 किलोमीटर वेगाने निघतं. म्हणजे चांगल्या तेज गोलंदाजाचा चेंडू, फक्त तो थांबतच नाही. त्याचा उलटा धक्का सतत अठ्ठावीस किलोच्या आसपास. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये सहा लिटर जागेत वातावरणाच्या 300 पट दाबाने कोंबलेली 1,800 लिटर हवा. कागदावरच्या हिशेबाने ती पाऊण तास पुरते, पण धुरात गुडघ्यावर रांगत होज ओढणारा माणूस हिशेबाने श्वास घेत नाही. अर्धा तास धरा, त्यातून परत यायची हवा वजा करा. सिलिंडरची शिट्टी वाजू लागली, की समोर दार दिसत असलं तरी मागे फिरायचं असतं.

आणि ओतलेलं पाणी जातं कुठे? एक जेट तासाला 27 टन पाणी इमारतीत टाकतं. पाच जेट 135 टन. त्यातलं बरंच वाहून जातं, पण सगळं नाही. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत शिरणाऱ्याला ज्वाळेइतकंच डोक्यावरच्या मजल्यावर लक्ष ठेवावं लागतं. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजून जखमी झाले आणि नंतर रुग्णालयात वारले. चौघेही अधिकारी होते. प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी होता, हे या खात्याचं अजब आहे. दुसऱ्या कोणत्याही खात्याचा प्रमुख फाइलीत सापडला असता.

मुंबईत हे सगळं सुरू झालं पखाली आणि बादल्यांपासून. 1803 साली फोर्टात मोठी आग लागली होती. पुढची कितीतरी वर्षं आगी विझवणं हे पोलिसांचं जोडकाम राहिलं, 1887 मध्ये ते पालिकेकडे आलं. घोड्यांचे बंब गेले, 1907 मध्ये मोटारीचा आला. पण या दलाचा सगळा हिशेब एका दुपारी मोडला, ती तारीख 14 एप्रिल 1944.

व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या, तेल, आणि एकतीस पेट्यांत सोन्याच्या 124 विटा. कापूस आणि स्फोटकं यांना शेजार दिला गेला होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर लक्षात आला. कापसाची दाबलेली गासडी आतून धुमसते, पाणी तिच्या पोटात पोचत नाही. तरी पाणी मारत राहिले, 900 टनांहून जास्त. आजच्या मापाने दोनशे बंब. पावणेदोन तासांत मिनिटाला सरासरी आठ हजार लिटर, बत्तीस होजमधून. जहाजात साचलेलं पाणी उकळू लागलं, पत्रा लाल झाला. वर हिशेब केला तसा इथेही करता येतो, पण त्या हिशेबात स्फोटकांची रक्कमच नव्हती. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकानेही हादरा टिपला.

अग्निशमन दलाचे 66 जण गेले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर आठ हजार माणसं सात महिने पाच लाख टन ढिगारा उपसत होती. म्हणजे प्रत्येकाने रोज, एकही सुट्टी न घेता, तीनशे किलो. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना अधूनमधून सापडत राहिल्या. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो या 66 जणांमुळे. शाळाशाळांतून त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होतात. तारीख कुठली, हे मुलांना सांगितलं जातं की नाही कोण जाणे.

गोदीतली आग आडवी पसरली. आजच्या मुंबईची अडचण उभी आहे. 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र, हा ठोकताळा सपाट शहराचा. त्यात लांबी आहे, रुंदी आहे, तिसरी मिती नाही. मुंबईच्या दलाकडे 90 मीटरची शिडी आहे, फिनलंडहून आणलेली. तीन मीटरचा मजला धरला तर तिसाव्या मजल्यापर्यंत. दिसायला अचाट यंत्र आहे. पण ते उभं करायला चारी बाजूंना पाय पसरायला जागा लागते, खाली भक्कम जमीन लागते, वर तारा चालत नाहीत. आणि लोअर परळचा वर्ल्ड वन मनोरा 280 मीटर उंच आहे. शिडी त्याच्या एक तृतीयांशालाही पोचत नाही.

मग पाणी तरी पोचतं का? दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब लागतो. 280 मीटरवर पाणी नुसतं टेकवायला 28 किलो, नोझलमधून मारायचं तर आणखी. रस्त्यावरच्या बंबाचा पंप सात किलोसाठी बांधलेला. इथे खालून वर विझवण्याची कल्पनाच संपते. इमारतीच्या पोटातच अग्निशमन केंद्र बांधावं लागतं: तळाशी पंप, गच्चीवर टाकी, मजल्यामजल्यावर होज, छताला स्प्रिंकलर, आणि जिन्यालगत 150 मिलीमीटर व्यासाची पाण्याने भरलेली उभी पाइपलाइन. 280 मीटरची ती एकसलग धरली तर नुसत्या पाइपात पाच टन पाणी उभं असतं, अख्ख्या बंबात मावतं त्याहून जास्त. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे 24 मीटरवर पहिला आसऱ्याचा मजला, मग दर 15 मीटरला एक. एवढ्या उंचीत असे सतरा-अठरा मजले होतात. आणि फायर लिफ्ट तळापासून माथ्यापर्यंत एका मिनिटात जायला हवी, म्हणजे ताशी सतरा किलोमीटर. तळमजल्यापासून सरळ आकाशाकडे जाणारी ती लिफ्ट सकाळी दहाच्या रस्त्यावरच्या बंबापेक्षा वेगवान आहे, हे वाचून मी पुन्हा एकदा आकडेमोड तपासली. बरोबर आहे.

याचा अर्थ दलाच्या यंत्रसामग्रीचा फार मोठा भाग आता दलाकडे नाहीच. तो हजारो सोसायट्यांच्या तळघरात आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याने ती यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, बोलीभाषेत 'फॉर्म बी', परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा सहज आमच्या इमारतीच्या पंपरूमकडे गेलो. इमारत चौदा मजल्यांची, सुमारे 42 मीटर. पाइप गच्चीपर्यंत भरलेला असेल तर पंप बंद असतानाही निव्वळ उंचीच्या जोरावर तळाच्या गेजने चार किलो दाखवायला हवेत. दाराच्या जाळीतून आत पाहिलं. दोन सायकली, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, आणि त्याच्यामागे लाल रंगाचा पंप. गेजचा काटा शून्यावर होता. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, ''पंप एकदम ओके आहे साहेब. चावी फक्त सेक्रेटरी साहेबांकडे आहे. ते गावाला गेलेत.''